घड्याळाने घडविलेली आवड

जपानी कार्टून मालिकांनी मुलांना वेड लावले, असे पालक म्हणतात. मुलांना जे आवडते तेच आम्ही दाखवितो, असे वाहिन्यांचे चालक म्हणतात. या दोन विधानांत वरवर भांडण दिसत असले तरी दोहोंच्या मुळाशी गृहीतक एकच आहे. आवड आधी जन्माला येते आणि पुरवठा मागाहून येतो, हे ते गृहीतक होय. मागणी-पुरवठ्याच्या पाठ्यपुस्तकी धड्याला ते शोभून दिसते. परंतु गेल्या तीन दशकांचा अनुभव निराळे सांगतो. मुलांच्या बाबतीत पुरवठ्याने, त्यातही पुरवठ्याच्या वेळेने, मागणीला आकार दिला आहे. मालिका चांगली की वाईट हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण ती कोणत्या दिवशी, किती वाजता, आठवड्यातून किती वेळा आणि समोर दुसरे काय चालू असताना दाखविली गेली, हा प्रश्न अनेकदा त्याहून निर्णायक ठरला आहे.

या प्रश्नाची तपासणी महानगरातील दिवाणखान्यापेक्षा हिंगण्यासारख्या गावात करणे अधिक उद्बोधक ठरेल. नागपूरला लागून असलेले हे तालुक्याचे ठिकाण. एका अंगाला वेणा नदीच्या काठची शेती, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत, ट्रॅक्टरचा मोठा कारखाना आणि पाळ्यांवर चालणारे लहानमोठे उद्योग. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह या वस्त्यांत विदर्भाच्या खेड्यांतून आलेला कामगार राहतो, तसाच मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि बिहारमधून आलेलाही राहतो. येथील घराचा दिवस पाळीच्या वेळेने, शाळेच्या घंटेने आणि विजेच्या येण्याजाण्याने बांधलेला असतो. अशा घरात दूरचित्रवाणी संच कधी चालू होतो आणि कधी बंद होतो, याला मुलाच्या लहरीपेक्षा बाहेरची कारणे अधिक असतात.

शिवनीचे जंगल, टोकियोमार्गे

आरंभ दूरदर्शनच्या रविवारपासून करणे क्रमप्राप्त आहे. भारतात दूरचित्रवाणी १९५९ मध्ये दिल्लीत आणि १९७२ मध्ये मुंबईत आली. तिचा देशभर विस्तार झाला तो १९८२ नंतर, लघुशक्ती प्रक्षेपकांच्या जाळ्यामुळे. हे प्रक्षेपक सुरुवातीला प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवीत. मुंबई केंद्रावरील ‘किलबिल’सारखा मराठी बालकार्यक्रम मुंबई-पुण्याच्या मुलांना सहज दिसे, विदर्भातील मुलाला मात्र दूरचित्रवाणीची पहिली ओळख हिंदीतून झाली. ही बाब लहान वाटली तरी तिचे परिणाम दूरवर गेले, हे पुढे दिसून येईल.

दिल्लीच्या कार्यक्रमपत्रिकेत रविवारच्या सकाळचे मोल ‘रामायण’ मालिकेने वाढविले. जानेवारी १९८७ पासून जुलै १९८८ पर्यंत ती चालली आणि पाठोपाठ ‘महाभारत’ आले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडतात, हा अनुभव देशाने सलग काही वर्षे घेतला. ज्याच्या घरी संच नव्हता तो शेजाऱ्याकडे गेला. याचा अर्थ असा की, १९९० च्या सुमारास भारतीय कुटुंबाला रविवारच्या सकाळी संचासमोर बसण्याची सवय लागलेली होती. सवय हे भांडवल असते. ते एकाने साठविले तरी दुसऱ्याला वापरता येते.

ते भांडवल वापरणाऱ्यांत एक होती जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने काढलेली ‘द जंगल बुक’ ही मालिका. टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात तिचे ५२ भाग दाखविले गेले. हिंदीत रूपांतरित होऊन ती १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी आली. गुलजार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला नाना पाटेकर यांचा आवाज, असा तिचा थाट होता. ज्यांचा जन्म १९८० च्या दशकात झाला, त्यांच्यापैकी फार थोड्यांना ती जपानी असल्याचे तेव्हा ठाऊक होते. मोगली आपलाच वाटला, आणि एका अर्थाने तो होताही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या कथांची भूमी म्हणजे शिवनीचे डोंगर आणि वैनगंगेचा काठ. शिवनी जिल्हा नागपूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून आहे आणि वैनगंगा पुढे भंडाऱ्यातून वाहत येते. शेजारच्या जंगलाची कथा इंग्रजीत लिहिली गेली, टोकियोत चितारली गेली, दिल्लीहून हिंदीत प्रक्षेपित झाली आणि मग हिंगण्याच्या घराघरांत पोहोचली!

या मालिकेचे गुण नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिच्या यशात वेळेचा वाटा किती होता, हे पाहण्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. डिसेंबर २०१२ मध्ये ‘कलर्स’ या वाहिनीवर ‘सूरज : द रायझिंग स्टार’ ही मालिका सुरू झाली. जपानमधील बेसबॉलवरील एका गाजलेल्या चित्रकथेचे हे भारतीय रूप होते; बेसबॉलच्या जागी क्रिकेट आणले होते आणि नायक मुंबईच्या झोपडपट्टीतील मुलगा होता. जपानी व भारतीय संस्थांनी मिळून ती तयार केली होती, आणि तीही रविवारी सकाळीच दाखविली गेली. विषय भारतीय, खेळ भारतीयांचा लाडका, कारागिरी जपानी. तरीही आज ती फारशा कोणाच्या स्मरणात नाही. वार तोच होता आणि प्रहरही तोच. पण त्या वेळेची किंमत दरम्यान पार बदलून गेली होती. १९९३ मध्ये रविवारच्या सकाळी बहुसंख्य घरांत एकच वाहिनी दिसत होती. २०१२ मध्ये त्याच घटकेला लहान मुलांसाठीच निदान अर्धा डझन वाहिन्या चालू होत्या, आणि त्या आठवड्याचे सातही दिवस चालत होत्या. वेळेचे मोल घड्याळात नसते. त्या वेळी समोर पर्याय किती आहेत, यावर ते ठरते.

मूळ भूमीतील साक्ष

हा केवळ भारतातील योगायोग आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून जपानमधील साक्ष काढणे आवश्यक आहे. आज भारतीय मुलांच्या तोंडी असलेला ‘डोरेमॉन’ तेथे १९७३ मध्ये प्रथम दूरचित्रवाणीवर आला तेव्हा तो सपशेल पडला होता. रविवारी सायंकाळी सातची वेळ त्याला मिळाली. त्याच वेळी दुसऱ्या वाहिनीवर ‘माझिंगर झेड’ ही महाकाय यंत्रमानवाची मालिका जोरात होती. सहा महिन्यांत डोरेमॉन बंद झाला. निर्मितीसंस्थेची विस्कटलेली घडी हेही त्याचे एक कारण होते. १९७९ मध्ये दुसऱ्या संस्थेने तो पुन्हा आणला आणि या वेळी वेळेची मांडणीच बदलली. आठवड्यातून एकदा अर्धा तास दाखविण्याऐवजी सोमवार ते शनिवार, रोज सायंकाळी, दहा मिनिटांची एक गोष्ट. पात्रे तीच, लेखक तेच. या वेळी मात्र मालिका २००५ पर्यंत चालली आणि तिच्या हजाराहून अधिक कथा तयार झाल्या. पुढे तिची नवी आवृत्ती निघाली, ती वेगळीच.

‘स्पेस बॅटलशिप यामातो’ या मालिकेची कथाही अशीच आहे. ऑक्टोबर १९७४ मध्ये ती रविवारी सायंकाळी साडेसात वाजता सुरू झाली. नेमक्या त्याच वेळी दुसरीकडे ‘हायडी’ ही आल्प्स पर्वतातील मुलीची लोभस मालिका रंगात होती. ३९ भागांची योजना २६ भागांवर आटोपावी लागली. पुढे पुनःप्रक्षेपणाच्या मोकळ्या वेळेत तीच मालिका लोकांना सापडली आणि १९७७ मध्ये तिचा चित्रपट निघाला तेव्हा चित्रपटगृहांपुढे रांगा लागल्या. अमेरिकेत तर वेळेच्या गरजेने कलाकृतीचे रूपच बदलले. तेथे सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवायचा तर तेरा आठवड्यांसाठी किमान ६५ भाग लागत. एवढ्या भागांची एक जपानी मालिका हाताशी नव्हती. तेव्हा परस्परांशी संबंध नसलेल्या तीन मालिका जोडून १९८५ मध्ये ‘रोबोटेक’ नावाची ८५ भागांची एकच मालिका बनविण्यात आली. कथानकाने वेळापत्रक ठरवावे ही अपेक्षा बाजूला पडून वेळापत्रकानेच कथानक शिवले.

रिकाम्या तासांची भूक

या सर्वांमागे एक साधा आर्थिक हिशेब आहे. प्रसारणाचा तास ही अत्यंत नाशवंत वस्तू होय. भाजी संध्याकाळी स्वस्तात का होईना विकता येते; वाया गेलेला तास मुळीच विकता येत नाही. चोवीस तासांच्या वाहिनीला दिवसाला अर्ध्या तासाचे ४८ कप्पे भरावे लागतात. वर्षाला १७,५२० कप्पे होतात. प्रत्येक भाग वर्षातून सहा वेळा दाखवायचे ठरविले तरी २,९२० भाग हाताशी असले पाहिजेत. उलट, मोठ्या कष्टाने तयार केलेली ५२ भागांची स्वदेशी मालिका सलग दाखविली तर २६ तासांत संपते. आता प्रश्न असा की, इतके भाग आणायचे कोठून?

जपानकडे ते पडून होते. त्या मालिकांचा निर्मितीखर्च जपानी जाहिरातदारांनी, खेळणी विकणाऱ्यांनी आणि चित्रकथांच्या प्रकाशकांनी केव्हाच भरून दिला होता. परदेशी विकताना निर्मात्याच्या दृष्टीने जे मिळेल तो बहुतांशी नफाच. घेणाऱ्याला हक्काची किंमत आणि भाषांतर-ध्वनिमुद्रणाचा खर्च एवढेच द्यावे लागे. नवी मालिका घडविण्याच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ होय. ओसामु तेझुका यांनी १९६३ मध्ये ‘ॲस्ट्रो बॉय’ अत्यल्प दरात विकून या व्यवहाराचा पायंडा पाडला होता. उरलेली भरपाई खेळण्यांच्या आणि परदेशी विक्रीच्या मार्गाने करायची, ही ती रीत. भारतीय वाहिन्यांनी जपानी मालिका निवडल्या त्या जपानी संस्कृतीच्या प्रेमापोटी नव्हे. शेकडो भागांचा, सुट्या सुट्या गोष्टींचा, कोठूनही सुरू करता येणारा आणि मोडीच्या भावात मिळणारा साठा त्यांना दुसरीकडे सहजी मिळत नव्हता.

भारतात ही भूक टप्प्याटप्प्याने वाढली. मे १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले ते अर्ध्या दिवसापुरते; रात्री त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी चित्रपट लागत. २००१ मध्ये ते चोवीस तासांचे झाले. जानेवारी २००४ मध्ये पोगो आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हंगामा ही वाहिनी सुरू झाली. चोवीस तासांची गरज जशी वाढली तशी जपानी मालिकांची आयातही वाढली. २००३ मध्ये ‘पोकेमॉन’, २००५ मध्ये ‘डोरेमॉन’, २००६ मध्ये ‘शिन-चॅन’ अशी ही रांग लागली. तास आधी निर्माण झाले आणि मालिका त्यांत भरण्यासाठी आल्या, हा क्रम विसरता कामा नये.

पाळी, शाळा आणि भारनियमन

आता पुन्हा हिंगण्याकडे वळावे. २००५ नंतरच्या त्या वर्षांत या तास भरण्याचा परिणाम कामगाराच्या घरात कसा झाला असेल? अनेक शाळा दोन सत्रांत भरत. सकाळच्या सत्राचा विद्यार्थी दुपारी एकच्या सुमारास घरी येई. दुपारच्या सत्राचा विद्यार्थी सकाळी मोकळा असे. वाहिनी एकच भाग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी दाखवी. त्यामुळे दोन्ही सत्रांतील मुलांना तीच गोष्ट पाहायला मिळे आणि संध्याकाळी मैदानावर तिच्याविषयी बोलता येई. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मोगलीची मुले वाट पाहत. रोज तीनदा येणारा डोरेमॉन घरातला माणूस झाला. वडील पहिल्या पाळीला, आई घरकामात किंवा कोणाच्या शेतावर, आणि संच चालू, अशी दुपार ज्या घरात रोज येते, तेथे वाहिनी ही विनावेतन दाई असते.

त्यात भारनियमनाची भर. त्या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दिवसाकाठी दहा-बारा तासांपर्यंत वीज जात असे. कोराडी आणि खापरखेडा ही मोठी औष्णिक केंद्रे ज्या जिल्ह्यात आहेत, त्याच जिल्ह्यातील गावे अंधारात बसत. हा विरोधाभास वैदर्भीय वाचकाला नवा नाही. वीज कधी येईल यावर कार्यक्रम ठरत असेल तर आठवड्यातून एकदाच, ठरावीक वेळी दाखविली जाणारी मालिका ग्रामीण मुलाच्या दृष्टीने नसल्यासारखीच. एक भाग चुकला की कथेचा धागा तुटला. याउलट दिवसातून अनेकदा दाखविली जाणारी, प्रत्येक भागात पूर्ण होणारी छोटी गोष्ट विजेच्या कोणत्याही वेळापत्रकात बसते. क्रमाने पुढे सरकणारी उत्तम मालिका येथे हरली आणि कोठूनही पाहता येणारी मालिका जिंकली, यात गुणवत्तेचा निवाडा शोधणे व्यर्थ आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या मुलांच्या आवडीची नोंद कोणी ठेवत नव्हते. प्रेक्षकसंख्या मोजणारी यंत्रे दीर्घकाळ प्रामुख्याने एक लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांतच बसविलेली होती. ग्रामीण घरांची मोजणी पद्धतशीरपणे सुरू झाली ती २०१५ मध्ये. म्हणजे जवळजवळ संपूर्ण दशकभर वेळापत्रक शहरातील घरे पाहून ठरत होते आणि ते हिंगण्याच्या मुलावर जसेच्या तसे लागू होत होते. ‘मुलांना जे आवडते ते आम्ही दाखवितो’ या विधानातील ‘मुले’ कोणती, हे विचारण्याचा अधिकार या मुलांच्या पालकांना आणि शिक्षकांना आहे.

वेळ मिळाली, भाषा नाही

तथापि वेळ हेच एकमेव कारण मानणे हा दुसऱ्या टोकाचा एकांगीपणा होईल. जुलै २००४ मध्ये सोनीने ‘ॲनिमॅक्स’ ही वाहिनी भारतात आणली. रात्रंदिवस जपानी चित्रमालिका, त्यांतील कित्येक जगभर नावाजलेल्या. वेळेची चणचण तिला मुळीच नव्हती. तरीही २०१७ मध्ये ती बंद झाली. तिचा व्यवहार मुख्यतः इंग्रजीत होता आणि तिचा प्रेक्षक मोठ्या शहरांतील मूठभर तरुण एवढाच राहिला. हिंदीत बोलणाऱ्या नोबिताने जे साधले ते इंग्रजीतील दर्जेदार मालिकांना साधले नाही. वेळ दार उघडते. आत येणाऱ्याला घरची नाही तरी शेजारची भाषा बोलता आली पाहिजे.

येथेच मराठी समाजाने अस्वस्थ व्हावे असा मुद्दा आहे. हिंगण्याच्या परिसरात मराठी मुलगा आणि परप्रांतीय कामगाराचा मुलगा एकाच अंगणात खेळतात. त्यांची समान भाषा हिंदी होणे काही प्रमाणात स्वाभाविकच. परंतु घरातील संच रोज तीन तास हिंदी बोलू लागला की, मराठी मुलाच्या कल्पनेची, थट्टेची आणि भांडणाची भाषाही हिंदी होते. ही भीती केवळ मराठी माणसाची नाही. बांगलादेशाने २०१३ मध्ये हिंदीतील डोरेमॉनच्या प्रक्षेपणावर बंदी घातली, ती मुले हिंदी बोलू लागल्याच्या तक्रारीवरूनच. तामिळ आणि तेलुगू भाषांत बालवाहिन्यांचे ध्वनिमुद्रण पुष्कळ आधी रुळले. मराठीची पाळी फार उशिरा आली. मराठी मुलाला हिंदी कळतेच, मग वेगळा खर्च कशाला, हा व्यापारी हिशेब त्यामागे होता. मराठी प्रेक्षकाची बहुभाषिकता ही त्याच्याच भाषेच्या मुळावर आली. ‘ईटीव्ही बालभारत’ने २०२१ मध्ये इतर भाषांबरोबर मराठीतही वाहिनी सुरू केली खरी; परंतु तोपर्यंत एक पिढी हिंदीत हसायला शिकून मोठी झाली होती.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जाईल. वेळ आणि भाषा दोन्ही मिळूनही कितीतरी अमेरिकी मालिका विस्मृतीत गेल्या. मग नोबिता का टिकला? अभ्यासात मागे पडणारा, मैदानात मार खाणारा, आईची बोलणी खाणारा आणि गृहपाठ टाळणारा हा मुलगा स्पर्धापरीक्षांच्या ओझ्याखाली वाकलेल्या भारतीय मुलाला आपला वाटला, हे मान्य केले पाहिजे. लहान घर, शिस्तीची आई, दमून येणारा नोकरदार बाप, शाळेतील गुणांची धास्ती, हे जपानी मध्यमवर्गाचे चित्र आपल्या कारकुनाच्या आणि कामगाराच्या घराशी जुळते. परंतु हे साम्य १९७३ च्या डोरेमॉनमध्येही होतेच. गुण बीजात असतात. ते बीज कोणत्या हंगामात पेरले यावर पीक अवलंबून असते, हे कापूस पिकविणाऱ्या विदर्भाला वेगळे सांगावयास नको.

उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे. २००८ मध्ये पोगोवर हैदराबादच्या ग्रीन गोल्ड संस्थेचा ‘छोटा भीम’ आला आणि २०१२ मध्ये निकलोडियनवर ‘मोटू पतलू’ आला. चित्रांची सफाई जपानी मालिकांच्या तोडीची नसतानाही, रोजची वेळ आणि रोजची पुनरावृत्ती मिळताच या देशी पात्रांनी जपानी पात्रांच्या खांद्याला खांदा लावला. मुलांना जपानचे वेड होते हा समज येथे कोसळतो. मुलांना रोज भेटणाऱ्या सवंगड्याचे वेड होते. तो सवंगडी टोकियोचा की ढोलकपूरचा, याची त्यांना पर्वा नव्हती.

शासनाने या प्रश्नाकडे पाहिले ते बहुधा आशयाच्या बाजूने. २००८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने शिन-चॅनच्या आचरटपणाला आक्षेप घेतला, मालिका काही काळ थांबली आणि कात्री लागून परत आली. मुलाच्या तोंडचा एखादा वात्रट शब्द शासनाला दिसला. त्याच मुलाच्या दिवसातील तीन-चार तास कोण, कोणत्या हिशेबाने वापरतो, हे दिसले नाही. तासाला १२ मिनिटांच्या जाहिरातींची मर्यादा नियमांत आहे. पण लहान मुलापुढे रोज किती तास तीच वस्तू मांडायची, याला मर्यादा नाही.

हरविलेला अर्धा तास

महाराष्ट्राजवळ या सर्वांना उत्तर देण्याचे एक साधन होते. पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेली ‘बालचित्रवाणी’ ही राज्याची संस्था मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम तयार करीत असे. तिच्या कार्यक्रमांना दूरदर्शनवर मिळाली ती मुख्यतः सकाळच्या शैक्षणिक प्रसारणाची वेळ. मुले मोकळी असतात ती संध्याकाळ दुसऱ्यांची राहिली. निधीचा ओघ आटला आणि २०१७ मध्ये संस्थेला टाळे लागले. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ १९८० च्या दशकात दूरदर्शनवर येऊन गेला, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ही येऊन गेला. मराठीत पात्रे नव्हती असे नाही. ती पाहुण्यासारखी आली आणि गेली. त्यांना मुक्कामाला रोजची वेळ कोणी दिली नाही.

आता वेळापत्रकाचे युग संपले, मोबाइलवर ज्याला जे हवे ते केव्हाही पाहता येते, तेव्हा ही चर्चा शिळी झाली, असे कोणी म्हणेल. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात दूरदर्शनने ‘द जंगल बुक’ पुन्हा दाखविली, ती रोज दुपारी एक वाजता. तिला सर्वाधिक आनंदाने भेटली ती पस्तिशीतील माणसे; त्यांच्या मुलांच्या हाती तोवर दुसरे पडदे आलेले होते. हे खरे आहे. पण भिंतीवरचे घड्याळ गेले म्हणून घड्याळ लावणारा गेला असे होत नाही. एक भाग संपताच दुसरा आपोआप सुरू करणारी यंत्रणा आणि पुढे काय पाहावे हे सुचविणारी यादी, हे नव्या काळातील वेळापत्रकच होय. फरक एवढाच की पूर्वीचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई, हे कोणालाच दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डीमन स्लेयर’ या जपानी चित्रपटाला भारतातील चित्रपटगृहांत गर्दी झाली. त्या गर्दीची सवय वीस वर्षांपूर्वीच्या दुपारी आणि अलीकडच्या रात्री लागलेली आहे.

मग करावे काय? बंदी हे उत्तर नव्हे. चांगली गोष्ट जपानची असली तरी ती चांगलीच. मागणी करावयाची ती वेळेची आणि भाषेची. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी १९९४ पासून मराठीचे काम करीत आहे आणि ती सार्वजनिक पैशावर चालते. संध्याकाळी सहा ते साडेसहा हा अर्धा तास, वर्षाचे ३६५ दिवस, कोणत्याही भाषणासाठी वा सामन्यासाठी न हलविता तिने मुलांसाठी राखून ठेवावा. त्यातील निम्मे दिवस जगातील उत्तम मालिका, जपानीही, चांगल्या मराठीत ध्वनिमुद्रित करून दाखवाव्यात. हक्क स्वस्तात मिळतात हा व्यापाऱ्यांचा धडा सार्वजनिक संस्थेनेही गिरवावा. उरलेले दिवस मराठी बालसाहित्यातील पात्रांना द्यावेत आणि बालचित्रवाणीने जमविलेल्या संग्रहातून जे आजही पाहण्याजोगे आहे ते बाहेर काढावे. पहिली दोन वर्षे प्रेक्षक किती, हे विचारू नये. डोरेमॉनलाही दुसऱ्या खेपेला, रोज भेटू लागल्यावरच, प्रेक्षक मिळाले होते.

चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये काढला. मुलांची झोप हा सार्वजनिक विचाराचा विषय आहे, हे त्यातून मान्य झाले. मुलांची संध्याकाळ हाही तसाच विषय आहे. औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या पाळीला गेलेला बाप रात्री अकराला परततो. तोपर्यंत त्याच्या मुलाशी कोणीतरी बोलत असते. ते कोणी, कोणत्या भाषेत आणि कोणाच्या फायद्यासाठी बोलावे, याचा निर्णय आजवर इतरांनी घेतला. रोजचा अर्धा तास परत मागणे ही फार मोठी मागणी नव्हे. पण ती कोणीतरी आग्रहाने मागितली पाहिजे.